ब्लाऊजच्या वहीतले ३८ आणि ब्रावरचे ३६ : एका शिक्षिकेच्या मापाचे प्रकरण

कोल्हापुरातील मंगळवार पेठेत मी गेली २२ वर्षे शिवणक्लास चालवते आणि त्याबरोबर ब्लाऊज शिवून देण्याचे कामही करते. गेल्या जून महिन्यात, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, कसबा बावड्यातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिका आपले चार ब्लाऊज परत घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचे वय ४३, दोन मुलांची आई, आणि दिवसातले पाच-सहा तास उभ्याने शिकवण्याचे काम. त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. नाव देत नाही. शाळेत सारे म्हणतात तसे इथेही त्यांना बाईच म्हणते.

तक्रार ब्लाऊजबद्दलची होती. एकच कटोरी ब्लाऊज, म्हणजे छातीवर वाटीसारखा कापलेला ब्लाऊज, सोमवारी अंगावर नीट बसतो आणि गुरुवारी त्याच ब्लाऊजच्या कटोरीखाली झोळ पडतो, मुंढ्याजवळ, म्हणजे बाहीच्या जोडाशी, मात्र तो काचतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिवणाऱ्या बाईच्या मनात अशा वेळी पहिला विचार आपल्या कटिंगचा येतो, आणि मीही आधी वही काढून आकडे तपासले. आकडे बरोबर होते. मग मी त्यांना विचारले की सोमवारी आणि गुरुवारी आत घातलेली ब्रा एकच होती का. ती एक नव्हती. एक जुनी, सैल झालेली होती आणि दुसरी त्याच मापाची, पण वेगळ्या कंपनीची आणि जाड पॅडची होती. हा प्रश्न मी त्याआधी कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारला नव्हता, याची खंत मला आजही आहे, कारण ब्लाऊजचे माप ज्या अंगावर घेतले जाते त्या अंगाचा आकार आतली ब्राच ठरवते.

बोलता बोलता दुसरी गोष्टही निघाली. बाईंचे दोन्ही खांदे आणि मानेचा खालचा भाग वर्षभर दुखत होता. डॉक्टरांना दाखवून झाले होते, गंभीर काही नाही असे सांगण्यात आले होते आणि व्यायाम दिला होता. त्यांनी पदर बाजूला केला तेव्हा दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे खोल, लालसर वळ दिसले. पाठीमागची पट्टी हुकांच्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत घट्ट रांगेत अडकवलेली असूनही वर चढून खांद्याच्या पात्यांपर्यंत गेली होती, पुढचा भाग खाली उतरला होता आणि काखेच्या बाजूने अंग कपाबाहेर येत होते. लेबलवर ३८ बी असे माप होते.

हे माप कसे ठरवले, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ब्लाऊज अडतीसचा लागतोय म्हटल्यावर ब्रा पण अडतीसचीच घेणार की." आणि बी? तो दुकानदाराने दिला होता. महाद्वार रोडवरच्या गर्दीत काउंटरपलीकडे पुरुष विक्रेता, शेजारी दोन अनोळखी गिऱ्हाइके, अशा वेळी बाई हळू आवाजात एक आकडा सांगते, विक्रेता त्या आकड्याचा डबा काढतो आणि दोघेही तो व्यवहार लवकर संपवतात. घालून पाहण्याची सोय नसते आणि आतले कपडे परत घेतले जात नाहीत. गांधीनगरहून होलसेलच्या भावात सहा-सहा नगांचे पुडे आणणाऱ्या घरांत तर जावा-जावांना आणि सासू-सुनेला मिळून एकच माप चालते. बाईंनी या पद्धतीने सुमारे १५ वर्षे ब्रा घेतल्या होत्या, आणि त्यांच्यासारख्या बायका मला रोज भेटतात.

आता या ३८ चे मूळ पाहू. माझ्या वहीतील ३८ हा छातीचा सर्वांत भरलेल्या ठिकाणचा घेर आहे, आणि तो इंचांत आहे. ब्राच्या लेबलवरचा आकडा त्या घेराचा नसतो, तो छातीखालच्या पट्टीशी जोडलेला असतो. बरे, तो आकडा म्हणजे छातीखालचे प्रत्यक्ष इंचही नव्हेत. जुन्या पद्धतीत छातीखालच्या घेरात चार इंच, आणि घेर विषम आला तर पाच इंच, मिळवून पट्टीचा आकडा काढत असत. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक डब्यांवरची कोष्टके आजही त्याच हिशेबाशी जुळतात. म्हणून ज्या डब्यावर ३६ लिहिलेले असते त्यावर बहुधा ८० हा सेंटिमीटरमधला आकडाही छापलेला असतो, आणि त्याचा अर्थ छातीखालचा घेर ७८ ते ८२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३१ ते ३२ इंच असा असतो. त्याच रांगेत ३२ म्हणजे ७०, ३४ म्हणजे ७५ आणि ३८ म्हणजे ८५. युरोपातील ईएन १३४०२ हे कपड्यांच्या मापांचे मानक हाच सेंटिमीटरचा आकडा वापरते, आणि माझ्या मते आपल्या बायकांनी डब्यावरचा हा दुसरा आकडाच लक्षात ठेवावा, कारण तो टेपवर दिसतो तसा असतो आणि त्यात काही मिळवावे लागत नाही.

कपाचे अक्षर ही त्याहून अधिक गैरसमज असलेली गोष्ट आहे. डी म्हणजे फार मोठी छाती, असे जवळजवळ प्रत्येकीला वाटते आणि म्हणून ते अक्षर उच्चारायलाही संकोच वाटतो. प्रत्यक्षात अक्षर हे केवळ वजाबाकीचे उत्तर आहे. छातीच्या घेरातून छातीखालचा घेर वजा केला आणि फरक १२ ते १४ सेंटिमीटर आला तर ए, १४ ते १६ आला तर बी, १६ ते १८ ला सी, १८ ते २० ला डी. त्यामुळे किरकोळ अंगाच्या मुलीचाही कप डी असू शकतो, आणि ७० डी चा कप ८५ डी च्या कपापेक्षा आकाराने बराच लहान असतो. अक्षरांची ही पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. त्याआधी छातीचा एकच आकडा सांगून ब्रा घेतली जाई. म्हणजे केवळ आकडा सांगून खरेदी करणारी आपली बाई त्या दशकाच्या आधीच्या पद्धतीने खरेदी करत असते.

मापाचा दिवस

आम्ही एका रविवारी दुपारी, क्लास रिकामा असताना, मापे घ्यायचे ठरवले. पाळी संपून चार दिवस झाले होते, आणि तो दिवस मुद्दाम निवडला होता, कारण पाळीपूर्वीच्या दिवसांत बऱ्याच जणींची छाती सुजते, दुखरी होते आणि तेव्हाचे माप महिनाभर उपयोगी पडत नाही. सुरुवातीलाच एक चूक सापडली. माझी रोजची टेप मी कटिंगच्या टेबलावरच्या लोखंडी पट्टीशी लावून पाहिली, तर वर्षानुवर्षे ताणून ती लांबली होती. ताणलेली टेप नेहमी कमी माप दाखवते. छातीखालचा घेर या टेपने ७९ आला आणि नवी टेप आणून घेतला तेव्हा ८० आला. ब्लाऊजमध्ये एवढा फरक शिलाईत मुरतो, पण ब्राचे दोन आकडे पाच सेंटिमीटरच्या अंतरावर असताना सीमेवरची बाई एका सेंटिमीटरने चुकीच्या डब्याकडे जाते. म्हणून टेप आधी लोखंडी पट्टीवर तपासून घ्यावी, असे मी तेव्हापासून प्रत्येक मुलीला सांगते.

छातीखालचा घेर ब्रा काढून, स्तन जिथे संपतो त्याच्या अगदी खाली, टेप जमिनीला समांतर ठेवून घ्यायचा असतो. आरशासमोर एकटीने घेताना टेप पाठीमागे खाली घसरते, त्यामुळे शक्यतो मुलगी, बहीण किंवा मैत्रीण मदतीला असावी. श्वास पूर्ण सोडून टेप घट्ट धरायची; त्वचेवर वळ उठू नये, पण टेप सरकूही नये. बाई टेपखाली दोन बोटे घालून ती सैल करू लागल्या, कारण ब्लाऊजच्या मापात मी स्वतःच त्यांना तशी सवय लावली होती. ब्लाऊजला श्वासापुरती ढिलाई लागते, कारण त्याचे कापड ताणत नाही. ब्राच्या पट्टीत इलॅस्टिक असते आणि ती ताणलेल्या अवस्थेतच आधार देते. बाईंचा घट्ट घेतलेला घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच आला.

छातीचा घेर आम्ही दोनदा घेतला, आणि या प्रकरणातला निर्णायक भाग हाच होता. सरळ उभ्याने, टेप न आवळता घेतलेला घेर ९७ सेंटिमीटर होता. मग बाईंना कंबरेतून वाकवून, पाठ जमिनीला समांतर ठेवून घेतला, तर तो १०१ आला. दोन बाळंतपणांनंतर स्तनांचा भार खालच्या बाजूला उतरतो, आणि उभ्याने घेतलेली टेप त्या भारावरून न जाता त्याच्या वरच्या बाजूने जाते. वाकल्यावर सगळा भाग मोजला जातो. दोहोंची सरासरी ९९. आता वजाबाकी करा. नुसत्या उभ्याच्या मापाने ९७ वजा ८०, म्हणजे १७, कप सी. सरासरीने १९, कप डी. पॅडची ब्रा घालून त्यावरून माप घेतले असते तर उत्तर तिसरेच आले असते, आणि ते पॅडचे माप असते.

डावा स्तन उजव्यापेक्षा किंचित भरलेला होता. बाईंना याची मनात भीती होती आणि ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. दोन बाजूंत थोडा फरक बहुतेक स्त्रियांत असतो. कप मोठ्या बाजूच्या मापाने घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूचा पट्टा थोडा ओढून घ्यायचा. परंतु पूर्वी नसलेला फरक नव्याने जाणवला, गाठ लागली, त्वचेवर खळी पडली किंवा स्तनाग्रातून स्राव आला, तर त्याचा मापाशी संबंध जोडत बसू नये आणि डॉक्टरांकडे जावे. बाईंचा फरक तारुण्यापासूनचा होता.

मोबाइलवरचे ३२ एफ

माप ८० डी, म्हणजे ३६ डी, असे कागदावर लिहून बाई घरी गेल्या आणि रात्री त्यांचा फोन आला. शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने तेच आकडे मोबाइलवरच्या एका परदेशी हिशेबात घातले होते आणि उत्तर ३२ एफ आले होते. बाई घाबरल्या होत्या. एकाच अंगाची दोन मापे, आणि त्यातले एक एफ.

दोन्ही उत्तरे आपापल्या पद्धतीने बरोबर होती. त्या हिशेबात छातीखालच्या इंचांत काहीही न मिळवता साडेएकतीसचे थेट ३२ केले जातात, मग छातीचे ३९ आणि पट्टीचे ३२ यांतला सात इंचांचा फरक दर इंचाला एक कप अशा रीतीने मोजला जातो : ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ. आपल्याकडच्या डब्यांच्या पद्धतीत पट्टीचा आकडा मोठा धरला जातो आणि ए हे अक्षरच १२ सेंटिमीटरच्या फरकापासून सुरू होते, त्यामुळे अक्षर आधीचे मिळते. यामागचा नियम एकदा समजला की भीती जाते : पट्टी एक आकड्याने कमी केली तर अक्षर एकाने वाढते आणि कपात मावणारा भाग तेवढाच राहतो. म्हणजे ३६ डी, ३४ डीडी आणि ३२ ई यांच्या कपाचे आकारमान सारखेच असते. ३२ एफ त्यापेक्षा फक्त एका कपाने मोठे. याच नियमाने बाईंची जुनी ३८ बी म्हणजे ३६ सी चा कप होता. त्यांची पट्टी एका आकड्याने सैल होती आणि कप एका अक्षराने लहान, आणि या दोन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या : कप लहान म्हणून अंग बाहेर येई, ते सामावण्यासाठी पट्टी सैल हवीशी वाटे, पट्टी सैल म्हणून ती वर चढे, आणि सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर पडे. बाईंनी पट्टे जितके आवळले तितकी पाठीमागची पट्टी आणखी वर ओढली गेली. डीनंतरच्या अक्षरांत एक अडचण आहे, ती खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावी. काही कंपन्या डीनंतर डीडी लिहितात आणि काही थेट ई लिहितात. म्हणून त्या पुढची अक्षरे डबा बदलला की कोष्टकावर पुन्हा ताडून पाहावीत.

पट्टी काही न मिळवता धरावी की चार इंच मिळवून, हा वाद कागदावर सुटत नाही. तो कापडावर सुटतो. जाड, कमी ताणणाऱ्या सुती पट्टीला मोठा आकडा लागतो आणि खूप ताणणाऱ्या नायलॉन-स्पँडेक्सच्या पट्टीला लहान. दुकानात हेच अनुभवास आले.

राजारामपुरीच्या एका गल्लीत एका बाईंचे छोटे दुकान आहे, आत पडदा लावून घालून पाहण्याची जागा केलेली आहे. तिथे आम्ही सकाळी, गर्दी नसताना गेलो आणि तीन मापे मागितली. सुती ३६ सी मध्ये कपाच्या वरच्या कडेवर अंग फुगून दुहेरी रेषा पडली, म्हणजे कप लहान. सुती ३६ डी नीट बसली. ताणणाऱ्या कापडातली ३६ डी मात्र पहिल्याच दिवशी मधल्या हुकावर लावावी लागली, आणि त्याच कंपनीची ३४ डीडी सर्वांत सैल हुकावर बरोबर बसली. नवी ब्रा नेहमी सर्वांत सैल हुकावर घट्ट बसली पाहिजे. इलॅस्टिक महिन्यामहिन्याने सैल होत जाते आणि आतले दोन हुक त्या दिवसांसाठी राखून ठेवायचे असतात. आतल्या हुकावर बसणारी नवी ब्रा म्हणजे सैल ब्राच.

घातल्यावर पुढे वाकून, हाताने काखेकडचा भाग कपात ओढून घेतल्याशिवाय कोणतीही परीक्षा खरी ठरत नाही. बाईंनी तसे केले तेव्हा ३६ सी, जी क्षणभर बरी वाटली होती, ती लगेच अपुरी पडली. त्यानंतर पाठीची पट्टी पुढच्या पट्टीच्या समपातळीत आहे का, पट्टीखाली दोन बोटे जेमतेम जातात का, खांद्याचे पट्टे काढून टाकल्यासारखे सैल केले तरी कप जागेवर राहतात का, आणि फळ्यावर लिहिताना उचलतो तसा हात उचलला तर पट्टी वर सरकते का, हे पाहिले. शेवटची परीक्षा शिक्षिकेसाठी सर्वांत महत्त्वाची, आणि ३८ बी तीत रोज नापास होत होती. "एवढं घट्ट? गुदमरायला होतंय की," असे बाई पहिल्या पाच मिनिटांत म्हणाल्या. वर्षानुवर्षे सैल पट्टीची सवय असलेल्या प्रत्येकीला योग्य पट्टी आवळ वाटते. त्या ती ब्रा घालूनच रंकाळ्यावर फिरून आल्या आणि मग त्यांनी ती ठेवायचे ठरवले. खरोखर श्वास अडत असेल किंवा फासळीवर टोचत असेल, तर मात्र सवयीची वाट पाहू नये. पट्टीचा आकडा एकाने वाढवून अक्षर एकाने कमी करावे.

त्या दिवशी दोन सुती ३६ डी आणि एक ३४ डीडी घेतली, सर्व बिनतारेच्या आणि रुंद पट्ट्यांच्या. पॅडची घेतली नाही, कारण कोल्हापूरच्या पावसात पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि दमट कप अंगाला लागून स्तनांखाली पुरळ येते, हा बाईंचा स्वतःचा अनुभव होता. दगडावर घासणे, गरम पाणी आणि पिळणे बंद करायला सांगितले, कारण इलॅस्टिक त्यानेच मरते.

पुढे काय झाले

दोन आठवड्यांत खांद्यांवरचे वळ फिके झाले. मानेचे दुखणे बरेच कमी झाले असे बाई सांगतात, पण ते केवळ ब्रामुळे झाले असे मी लिहिणार नाही; त्याच महिन्यात वह्यांची जड पिशवी त्यांनी खांद्यावरून काढून गाडीच्या डिकीत ठेवायला सुरुवात केली होती आणि डॉक्टरांनी दिलेला व्यायामही नियमित झाला होता. वळ गेले आणि पट्टी जागेवर राहिली, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

ज्या तक्रारीपासून हे सुरू झाले ती मात्र आणखी वाढली, आणि याची कल्पना मी बाईंना आधी द्यायला हवी होती. नवी ब्रा घालून माप घेतले तेव्हा छाती ३८ ऐवजी ३९ भरली आणि खांद्यापासून टक्सच्या, म्हणजे छातीवरच्या चुणीच्या, टोकापर्यंतचे अंतर साडेदहा इंचांवरून साडेनऊवर आले. आधार मिळाल्याने छाती इंचभर वर आली होती, आणि कपाटातल्या अकराच्या अकरा ब्लाऊजांची कटोरी तिच्याखाली राहिली होती. इतकी वर्षे मी बाईंच्या खाली उतरलेल्या ब्राला ब्लाऊज शिवत होते. त्यानंतर माझ्या मापाच्या वहीत मी दोन रकाने वाढवले : छातीखालचा घट्ट घेर, आणि माप घेताना आत कोणती ब्रा होती.

अकरापैकी नऊ ब्लाऊज मी उसवून, कटोरी वर घेऊन, आतली माया, म्हणजे शिलाईत राखलेले जादा कापड, सोडवून पुन्हा शिवून दिले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. उरलेल्या दोन ब्लाऊजांत माया ठेवलेलीच नव्हती. ते आता बाईंच्या मुलीकडे आहेत, आणि तिचे माप आम्ही पुढच्या रविवारी घेणार आहोत.